नखाची चिवट बुरशी: गोळीआधी जाडी उतरवा

जाड, पिवळं, भुसभुशीत नख दिसलं की बुरशीच, असं धरून चालू नका. सोरायसिसने किंवा बुटाच्या सततच्या दाबानेही नख असंच होतं. आधी केओएच तपासणी (नखाचा भुसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी शोधणं) करा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. नखाचं नुसतं टोक देऊन भागत नाही, खालचा भुसा खरवडून घ्यायला सांगा. बुरशी तिथेच बसलेली असते.

गोळी डॉक्टरच ठरवतील. टर्बिनाफिन ही बुरशीची गोळी सहसा रोज 250 मिग्रॅ, हाताच्या नखांना 6 आठवडे, पायाच्या नखांना 12, आधी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी). हृदय कमकुवत असेल तर इट्राकोनाझोल हे बुरशीचं दुसरं औषध नको. फ्लुकोनाझोल मुळात दुसऱ्या बुरशींसाठीचं औषध, पण नखालाही आठवड्यातून एकदा, कित्येक महिने देतात.

एवढं करूनही गुण येत नाही, तो बऱ्याचदा जाडीमुळे. नखात पिवळा उभा पट्टा असेल तर आत बुरशीचा घट्ट गोळा असतो आणि औषध त्यात शिरत नाही. तो काढावाच लागतो. त्यासाठी 40 टक्के युरियाचं मलम. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसून कोरडा करा. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा; हे टाळलं की कातडी पांढरी पडून सोलते. मलम फक्त नखावर जाड थापा, वर प्लास्टिक, मग चिकटपट्टी. सकाळी नख ओल्या साबणासारखं लागतं. मऊ झालेला थर तेवढाच बोथट खरवडणीने काढा. दुखलं की थांबा. रक्त येईपर्यंत खरवडणं म्हणजे जंतूंना आवतण. असं रोज, एक-दोन आठवडे. मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर हे घरी अजिबात करू नका.

मग नखावर अमोरोल्फिन 5 टक्के हा बुरशीनाशक लेप, आठवड्यातून एक-दोनदा. रोगट नखाची कानस चांगल्या नखाला लावू नका. क्लोबेटासोल (जहाल स्टेरॉइड) असलेलं मिश्र मलम तर घरातून फेकूनच द्या. खाज थांबते, बुरशी फोफावते.

उन्हाळ्यात बंद बुटापेक्षा चप्पल बरी.

चांगलं नख जिथे संपतं तिथे कानशीने बारीक आडवी रेघ ओढा. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. रेघ पुढे सरकली आणि मागचं नख स्वच्छ राहिलं, तर औषध लागू पडतंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे गेला, तर त्याच गोळ्या वाढवू नका, कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखणं) करून घ्या. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे आहे.