एसी काय ऐकतो ते आधी बघा, मग थर्मोस्टॅट घ्या

मी जळगावात एसी आणि कूलरची कामं करतो. अलीकडे त्यात मोबाईलवरून घर चालवायच्या कामांची भर पडलीय. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की फोन सुरू होतात आणि त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, स्मार्ट थर्मोस्टॅट कोणता घेऊ?" थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून यंत्रणा चालू-बंद करणारी भिंतीवरची डबी. कुणाचा मुलगा अमेरिकेहून येताना तो बॅगेत घालूनच आणतो. दिसायला देखणा, प्रश्नच नाही. पण मागे बघितलं की आर, डब्ल्यू, वाय, जी, सी अशा अक्षरांचे पॉइंट असतात. तिकडच्या घरात एकच मोठी यंत्रणा सगळ्या खोल्यांना गरम-गार हवा पुरवते आणि 24 व्होल्टच्या बारीक तारा तिला चालू-बंद करतात. डब्ल्यू हीटिंगची, वाय कॉम्प्रेसरची, जी पंख्याची. आपल्या स्प्लिट एसीची अशी एकही तार भिंतीवर आलेली नसते. त्यामुळे थर्मोस्टॅट नेस्ट कंपनीचा असो की इकोबीचा, भुसावळच्या फ्लॅटमध्ये तो शोकेसमध्येच जातो.

आपल्याकडे थर्मोस्टॅटचं काम दोन वस्तू मिळून करतात. एक खोलीचं तापमान मोजते, दुसरी एसीला हुकूम देते. तेव्हा पहिला प्रश्न असा, की तुमचा एसी हुकूम कुणाचा ऐकतो?

एसीत कंपनीचंच वायफाय असेल तर आधी काही विकत घेऊ नका. तुमच्या ऑटोमेशनमध्ये, म्हणजे होम असिस्टंट, गुगल होम, अलेक्सा जे काही असेल त्यात, तो एसी जोडता येतो का ते तपासा. येत असेल तर निम्मं काम झालं. गोल बटणवाला जुना विंडो एसी असेल तर त्याला रिमोटच नसतो; त्याला काँटॅक्टर, म्हणजे मोठा लोड झेपणारा विजेवरचा स्विच, लावून चालू-बंद करता येतं, पण बंद झाल्यावर कॉम्प्रेसर निदान तीन मिनिटं तरी परत चालू होता कामा नये. गॅसचं प्रेशर उतरायच्या आत चालू केला तर तो अडकतो, गुरगुरतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. ही थांबायची सोय ज्या कंट्रोलरमध्ये नाही तो घेऊ नका. हॉस्पिटल किंवा मोठ्या शोरूमचा डक्टवाला एसी हा वेगळा विषय, तिथे त्या सिस्टीमचाच थर्मोस्टॅट लागतो.

बाकी बहुतेक घरांत रिमोटवाला स्प्लिट असतो. त्याला लागतो आयआर (इन्फ्रारेड) ब्लास्टर. ही तळहातावर मावणारी काळी डबी रिमोटची नक्कल करते. सेन्सिबो, ब्रॉडलिंक, तुयाच्या अॅपवर चालणाऱ्या बिनानावाच्या डब्या, सगळ्यांचं तत्त्व एकच. आता इथे जरा थांबा, कारण पैसे इथेच वाया जातात.

टीव्हीचा रिमोट एका बटणाला एक खूण पाठवतो. एसीचा रिमोट तसं करत नाही. तुम्ही 25 चं 26 केलं तर तो "कूल मोड, 26 डिग्री, पंखा मध्यम, स्विंग बंद" अशी सगळी स्थिती एका दमात पाठवतो. त्यामुळे नुसतं "रिमोटकडून शिकणारा" स्वस्त ब्लास्टर घेतला तर प्रत्येक तापमान, प्रत्येक पंख्याचा वेग वेगळा शिकवत बसावं लागतं. घेताना तुमच्या एसीच्या कंपनीचे कोड त्यात आधीपासून आहेत का ते विचारा. नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे कोड वेगळे निघतात. रिमोटचा मॉडेल नंबर बॅटरीच्या झाकणाखाली किंवा मागच्या लेबलवर असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. आणि रिमोटच चालतो की नाही अशी शंका असेल तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. कॅमेऱ्याला दिसणारा तो उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

ब्लास्टरही याच उजेडाने बोलतो आणि हा उजेड भिंतीपलीकडे जात नाही. एका ब्लास्टरवर हॉल आणि बेडरूम दोन्ही भागतील असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. खोलीगणिक एक लागतो आणि त्याला एसीचं तोंड दिसलं पाहिजे. पडद्यामागे, टीव्हीच्या पाठीमागे दडवायचा नाही.

दुसरी अडचण अशी की हा हुकूम एकतर्फी असतो. डबी सांगते, पण एसीने ऐकलं का हे तिला कळत नाही. तात्यांनी पलंगावरून रिमोट दाबून एसी बंद केला तरी मोबाईलवर तो चालूच दिसतो, मग पहाटेचं ऑटोमेशन भलतंच काहीतरी करतं. म्हणून घरात म्हातारी माणसं असतील तर थोडे जास्त पैसे घालून असा ब्लास्टर घ्या जो हातातल्या रिमोटचा सिग्नलही ऐकतो आणि आपली नोंद बदलतो. त्यांच्या हातातला रिमोट काढून घ्यायचा आणि मोबाईल द्यायचा, हे कुठल्याच घरात टिकत नाही. दुसरा उपाय म्हणजे एसीच्या लाइनवर वीज मोजणारं मीटर बसवणं. दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास खेचत असेल तर तो चालू आहे, हे सांगायला आणखी कुणी लागत नाही.

मीटर फक्त मोजण्यासाठी, बरं का. काही जण 16 अँपियरचा स्मार्ट प्लग लावून एसीची लाइटच तोडतात. इन्व्हर्टर एसीचं असं करू नका. तो कॉम्प्रेसरचा वेग स्वतः कमी-जास्त करतो. त्याला तापमान बदलून सांगायचं, गळा दाबायचा नाही. तुमच्या ऑटोमेशनमध्येही "27 झालं की चालू, 25 झालं की बंद" असा नियम इन्व्हर्टर एसीला लावू नका. रात्री अकराला 25, दोनला 26, पहाटे 27 असे सेटिंग सरकवत न्या.

सेन्सर कुठे लावायचा याकडे कुणी लक्ष देत नाही आणि खानदेशात तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एसीचा स्वतःचा सेन्सर वर, छताजवळ, हवा आत ओढायच्या जाळीपाशी असतो. आपल्याकडे मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग खाली सोडत राहतो. धाब्याच्या घरात हा त्रास नव्हता. वरच्या मजल्यावर एसी समजतो खोली अजून तापलीय आणि खाली पलंगावरचं माणूस गोधडी शोधतंय. म्हणून वेगळा सेन्सर घ्या, पलंगाच्या उंचीवर लावा. पश्चिमेच्या भिंतीवर नको, एसीच्या झोतात नको, फ्रीजच्या बाजूलाही नको. झिगबी या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतीचे छोटे सेन्सर नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतात, पण त्यांना एक हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारी मधली डबी, लागतो. वायफायचे सेन्सर हब मागत नाहीत, पण बॅटरी लवकर खातात. चार-पाच खोल्या करायच्या असतील तर मी झिगबीच सुचवतो.

मग येतो सिस्टीमशी जुळण्याचा मुद्दा. बॉक्सवर "अलेक्सा चालतं" लिहिलंय म्हणजे सगळं जुळतं असं नाही. अलेक्सा बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलते. पावसाळ्यात किंवा रस्ता खोदताना फायबर तुटली की तुमचा हुकूम जळगावातून निघून कुठेच पोचत नाही. होम असिस्टंट वापरत असाल तर त्या वस्तूचं कंट्रोल घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय होतं का हे बघून घ्या. हात चालत असेल तर ईएसपी या छोट्या वायफाय बोर्डवर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकून स्वतःचा ब्लास्टर बनवता येतो. इंजिनीअरिंगची पोरं तो सहज करतात. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तू एकमेकींना जोडणारं सामायिक मानक 2022 मध्ये आलं आणि 2023 च्या 1.2 आवृत्तीपासून त्यात खोलीचे एसी आले, म्हणून नवा एसीच घेणार असाल तर मॅटरचं चिन्ह बघा. झेड-वेव्ह या आणखी एका बिनतारी पद्धतीची वस्तू अमेरिकेहून मात्र आणू नका. तिकडची 908 मेगाहर्ट्झवर बोलते, भारतातली 865 वर. दोघींची गाठ पडत नाही. वायफायची वस्तू बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवरच चालते, राउटरवर तो बँड चालू ठेवा आणि राउटर घराच्या इन्व्हर्टरवर घ्या.

लाइट गेली-आली की काय करायचं, हे सेटिंग बहुतेक स्मार्ट रिलेमध्ये, म्हणजे मोबाईलवरून चालणाऱ्या स्विचमध्ये, असतं. ते "बंद राहा" वर ठेवा. भर दुपारी लाइट येते तेव्हा सगळ्या गल्लीचे एसी एकदम उठतात, व्होल्टेज पडलेलं असतं. तुमचा पाच मिनिटांनी उठला तर बिघडत नाही. स्टॅबिलायझर असेलच, त्याचाही डिले चालू ठेवा.

बॉक्सवर ऑपरेटिंग टेम्परेचर लिहिलेलं असतं, बऱ्याच वस्तूंवर 0 ते 40. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 45 होतं. त्यामुळे कूलरची स्मार्ट रिले बाहेर, कूलरच्या पत्र्यावर बसवायची नाही. ती घरात, स्विचबोर्डात.

कूलरचं म्हणाल तर त्याला तापमानावर चालवण्यात अर्थ नाही, ओलाव्यावर चालवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो एसीला भारी पडतो. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर घर चिकट करतो. पंप आणि पंखा दोन वेगळ्या रिलेवर घ्या. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की पंप बंद, पंखा चालू. मोटरचा लोड असल्याने रिले 16 अँपियरचीच घ्या आणि बोर्डात न्यूट्रल आलंय का ते आधी बघा. जुन्या वायरिंगमध्ये ते काही वेळा नसतं.

पैसे वाचतात का? ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते, आणि 2020 पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग 24 आहे. आपलं घरगुती बिल 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी महाग होत जातं, म्हणून वरच्या टप्प्यातलं वाचलेलं युनिट जास्त मोलाचं. छताचा पंखा चालू ठेवून 27 वर झोप लागते का, ते आठवडाभर करून बघा.

विकत घेण्याआधी एक चाचणी करायला लावा. राउटरमधली इंटरनेटची वायर काढा, वायफाय चालू राहू द्या आणि तुमच्या सिस्टीमवरून एसीचं तापमान बदला. एसीने टूक केलं तर पैसे द्या. नाही केलं तर दुसरा दाखवा म्हणा.