लाकडी जमिनीवर वॉशिंग मशीन सरकत होतं: माझा अनुभव
इंग्लंडमधल्या लीड्समधलं आमचं जुनं विटांचं घर. स्वयंपाकघरात लाकडी फळ्या, खाली पोकळी. नवं मशीन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळायला लागलं की वीतभर पुढे यायचं, ओट्यावरचे कप खणखणायचे. रबरी पॅड लावले, कपडे कमी घातले. काही फरक नाही. फार वैतागलो होतो.

शेवटी जमलं ते असं. आधी मागचे वाहतुकीचे बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत ना, ते पाहिलं. मग फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगांवरून खालच्या तुळया शोधल्या, पाइप-वायरी कुठून जातात ते बघितलं आणि १८ मिमी प्लायवूड थेट तुळयांना स्क्रूने आवळलं. त्यावर मशीन ठेवून, स्पिरिट लेव्हल आडवी-उभी लावत पाय फिरवले. पायांवरचे चेकनट, म्हणजे पाय पुन्हा फिरू न देणारे नट, वर मशीनच्या बुडाशी घट्ट केले. नेमके हेच सैल राहतात.

मशीन घेण्याआधीच ओट्याखालची उंची मोजा: मशीन साधारण ८५ सेंमी, त्यात खालच्या प्लायवूडचे १८ मिमी मिळवा.