सीपीयूची माहिती हवीये? मग सीपीयूइन्फो खरवडत बसू नका

लिनक्सवर कोणी विचारलं की प्रोसेसर कुठला आहे, तर आपला हात आपोआप 'कॅट /प्रॉक/सीपीयूइन्फो' कडे, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेली प्रोसेसरच्या माहितीची फाइल छापायच्या कमांडकडे जातो, आणि नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर त्यात काहीच चूक नाही. (कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.) घोळ सुरू होतो तो स्क्रिप्ट ती फाइल वाचायला लागली की. माझ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये 'मॉडेल नेम' ग्रेप करायचं (शोधायचं), ओळी मोजायच्या आणि तेवढे जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) मेक या बिल्डच्या टूलला द्यायचे असा जुगाड होता, लॅपटॉपवर वर्षानुवर्षं निवांत चालला, मग तीच स्क्रिप्ट ६४-बिट एआरएम बोर्डवर टाकली तर उत्तर आलं शून्य. कारण तिथे ती ओळच नव्हती, 'सीपीयू इम्प्लिमेंटर' आणि 'सीपीयू पार्ट' असले हेक्स आकडे होते, आणि मेकने शून्य जॉब घ्यायला साफ नकार दिला.

ही फाइल प्रत्येक आर्किटेक्चरचा (प्रोसेसरच्या जातीचा) कर्नलमधला कोड आपापल्या पद्धतीने छापतो. एक्स८६ (इंटेल-एएमडी) वर 'फ्लॅग्ज', एआरएमवर 'फीचर्स', रिस्क-व्ही वर 'आयएसए', सगळ्यांना मिळून एक साचा कधी ठरलाच नाही. म्हणून माझा साधा नियम: सीपीयूइन्फो माणसासाठी, प्रोग्रामसाठी सिसएफएस.

सिसएफएस म्हणजे /सिस खाली दिसणारी कर्नलची फाइलसिस्टम, आपल्या कामाचं त्यातलं /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू हे फोल्डर, तिथे साधारण एका फाइलमध्ये एकच गोष्ट असते त्यामुळे कापाकापी करावी लागत नाही. 'ऑनलाइन' फाइलमध्ये ०-७ असं दिसेल, पण सावकाश, एखादा सीपीयू बंद केलेला असेल तर ०-३,६-७ असंही येतं, तेव्हा शेवटच्या आकड्यात एक मिळवून मोकळं होऊ नका. कोअर आणि थ्रेड (एकाच कोअरचे वेगवेगळे दिसणारे सीपीयू) वेगळे ओळखायचे असतील तर सीपीयू० च्या 'टोपोलॉजी' फोल्डरमध्ये 'थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्ट' बघा, कॅशचा साइज आणि ती कोणाकोणात वाटलेली आहे ते 'कॅशे/इंडेक्स०' वगैरेमध्ये. एवढं खणायचा कंटाळा येत असेल तर 'एलएससीपीयू' हे सगळं गोळा करून देतं, आणि '-पी' लावलं की स्क्रिप्टला सोपं पडेल असं कॉमावालं आउटपुट येतं. वर म्हटलं त्या एआरएमच्या हेक्स आकड्यांची नावंही त्याला माहितीयेत, ०एक्सडी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२ हे आपण कशाला पाठ करायचं.

पण बऱ्याचदा खरा प्रश्न 'मशीनमध्ये किती सीपीयू' हा नसतोच, 'मला किती वापरता येतील' हा असतो. तिथे 'एनप्रॉक' वापरा, कारण तो आपल्या प्रोसेसला बांधून दिलेले सीपीयूच मोजतो. कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या टूलने वेगळ्या डब्यात चालवलेल्या प्रोग्राममध्ये) मात्र अजून एक गंमत आहे, डॉकरला दोन सीपीयूचा कोटा दिला तरी आतून सीपीयूइन्फो होस्टचे सगळेच्या सगळे दाखवतो, आणि कोटा म्हणजे वेळेची मर्यादा, सीपीयू बांधून दिलेले नसतात, त्यामुळे जुना एनप्रॉकही फसतो. सीग्रुप (अशा मर्यादा घालायची कर्नलची सोय) व्ही२ असेल तर 'सीपीयू.मॅक्स' ही फाइल वाचा, त्यात २००००० १००००० असं असेल तर पहिल्याला दुसऱ्याने भागा, आले दोन. ६४ थ्रेडच्या सर्व्हरवर दोन सीपीयूच्या कंटेनरात ६४ वर्कर उठवून 'अ‍ॅप स्लो का' म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो.

आता प्रोग्रामलाच विचारायचं असेल की अमुक इन्स्ट्रक्शन चालेल का, तर त्यासाठी फाइल उघडूच नका. एआरएमवर 'गेटऑक्सव्हॅल' या फंक्शनला 'एटी_एचडब्ल्यूकॅप' द्या, कर्नल प्रोसेस सुरू करतानाच ते बिट हातात ठेवून देतं. बघायचेत? 'एलडी_शो_ऑक्सव्ही=१' लावून कुठलाही छोटा प्रोग्राम चालवा, जीलिबसी ही नेहमीची सी लायब्ररी असेल तर यादी छापून येते. एक्स८६ वर सीपीयूआयडी ही चिपलाच तिची माहिती विचारणारी इन्स्ट्रक्शन थेट चालवता येते, फक्त एव्हीएक्ससारख्या (मोठ्या रजिस्टरवाल्या) इन्स्ट्रक्शनना चिपसोबत कर्नलचाही होकार लागतो, म्हणून स्वतः बिट तपासण्यापेक्षा जीसीसी कंपायलरचं '__बिल्टइन_सीपीयू_सपोर्ट्स' बरं. रिस्क-व्ही मध्ये एक्स्टेन्शन इतकी वाढली की एचडब्ल्यूकॅपमधला एका अक्षराला एक बिट पुरेना, मग २०२३ मध्ये ६.४ कर्नलात 'रिस्कव्ही_एचडब्ल्यूप्रोब' नावाचा वेगळा सिस्टम कॉलच (कर्नलला थेट विचारायची वाट) आला.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष २०१८ च्या जानेवारीत बाहेर आले तेव्हा 'माझं मशीन सुरक्षित आहे का' याचं उत्तर कर्नलवाल्यांनी सिसएफएसमध्येच ठेवलं. 'व्हल्नरेबिलिटीज' नावाचं फोल्डर, प्रत्येक दोषाची एक फाइल, आत एक ओळ. 'ग्रेप . /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज/*' एवढं टाइप करा, सगळी कुंडली समोर.

कोणी कर्नलमध्येच नवीन माहिती बाहेर काढायचा पॅच लिहीत असेल तर त्यानेही याच वाटेने जावं, सिसएफएसमध्ये एका फाइलला एक व्हॅल्यू, आणि डॉक्युमेंटेशनच्या 'एबीआय' फोल्डरमध्ये तिची नोंद. सीपीयूइन्फोत ओळ वाढवायचा मोह टाळा, कारण एकदा दिलेली ओळ परत घेता येत नाही. बोगोमिप्स या कर्नलच्या ढोबळ आकड्याच्या ओळीचंच बघा, नावातच बोगस आहे, वेग मोजायला काडीचा उपयोग नाही, म्हणून एआरएमवाल्यांनी २०१३ मध्ये ती ओळ काढून टाकली. पण काही प्रोग्राम तीच ओळ शोधत होते, ते मोडले, आणि २०१५ मध्ये ती परत आणावी लागली, आजही आहे. एक्स८६ च्या 'फ्लॅग्ज'मध्येही आता प्रत्येक नवा बिट आपोआप जात नाही, चिपमध्ये नुसतं काय काय आहे हे बघायचं असेल तर कर्नल सोर्सच्या 'टूल्स' मध्ये 'केसीपीयूआयडी' आहे, ते बिल्ड करून चालवा. आणि माहिती फक्त तुमच्या स्वतःच्या डीबगिंगपुरती असेल तर डीबगएफएसमध्ये (डीबगिंगसाठीच असलेल्या वेगळ्या फाइलसिस्टममध्ये) टाका, तिथली फाइल उद्या उडवली तरी सहसा कोणी भांडायला येत नाही.