आधी कानात बसू द्या, मग आवाजाचं बघू

"तुझा डग्गा वाजतच नाहीये," असं मी न्यू जर्सीतल्या एका बारा वर्षांच्या मुलाला सलग तीन शनिवार सांगत होतो. आमचा तबल्याचा ऑनलाइन क्लास इथल्या सकाळी सहाला, तेव्हा तिथे शुक्रवारी रात्रीचे साडेआठ. पोरगा बिचारा मनगट दाबून दाबून घिस्सा काढत होता आणि मला डाव्या हाताचं नुसतं टप टप ऐकू येत होतं. झूममधलं 'ओरिजिनल साउंड', म्हणजे वाद्याचा आवाज गोंगाट समजून न गाळण्याची सोय, चालू होतं, म्हणजे दोष तिकडचा नव्हता. चौथ्या शनिवारी सैल वाटले म्हणून दोन्ही इअरफोन बोटांनी जरा आत दाबले आणि 'गे' एकदम भरून आला. बोटं काढली, गेला. पुन्हा दाबली, आला. त्याचा डग्गा उत्तम होता. गळत होती ती माझ्या कानातली रबरं.

मुलाची माफी मागितली. त्याच्या आईला त्याचा फार आनंद झाला, त्याला स्वतःला विशेष नाही.

तेव्हापासून कुणी विद्यार्थी "सर, हा आयईएम कसा आहे? बेस कमी वाटतो," असं विचारत आला की मी आधी त्याच्या कानाकडे बघतो. आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानाच्या नळीत बसणारा इअरफोन. ही वस्तू मुळात स्टेजवरची, कलाकाराला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून. 1995 च्या सुमारास व्हॅन हेलन बँडचा ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी त्यांचा मॉनिटर इंजिनियर जेरी हार्वी याने कानात बसणारे मॉनिटर बनवले. तालवाद्यवाल्यासाठी, म्हणजे आमच्याच बिरादरीसाठी. पण स्टेजवरच्या कलाकाराच्या कानाचा साचा घेऊन त्या मापाचा मॉनिटर घडवता येतो, आणि आपण दीड-दोन हजारांत घेतो तो सगळ्या जगाला एकाच मापाचा. मधली उणीव भरून काढायची ती टोकावरच्या रबरी टिपने. आणि खोक्यातल्या दोन जोड्या आपण प्लॅस्टिकसकट ड्रॉवरमध्ये टाकतो, कारखान्यातून चढवून आलेली मधल्या मापाचीच वापरत राहतो.

तर पहिलं काम, त्या जोड्या बाहेर काढा. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, सरळ नसते, वळण घेत आत जाते, आणि डावी-उजवी सारखी असेलच असं नाही. मला उजव्या कानाला मधली टिप लागते, डाव्याला छोटी. भाऊ म्हणाला, "दोन पायांत दोन मापांच्या चपला." म्हणू दे. मी आधी दोन्हीकडे मधली वापरायचो, मग डग्गा येईना म्हणून दोन्हीकडे मोठी चढवली आणि प्रकरण आणखी बिघडलं. मोठी टिप म्हणजे घट्ट टिप, हा समज चुकीचा. अरुंद नळीत मोठं रबर गेलं की त्याला घडी पडते आणि त्या घडीतून हवा गळते. वर कान दुखतो तो वेगळाच.

आता घालायची पद्धत. बहुतेक जण लिफ्टचं बटण दाबावं तसा इअरफोन दाबतात. तसं नको. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाचा वरचा भाग धरा आणि वर, किंचित मागे ओढा. शाळेत मास्तर ओढायचे तसाच, पण प्रेमाने. नळीचं वळण जरा सरळ होतं. तोंड थोडं उघडं ठेवा, इअरफोन हलकासा फिरवत आत न्या, मग कान सोडा. तार कानामागून घ्यायची असेल तर ती नंतर बसवा. फार जोरात दाबलंत तर खंडाळ्याचा घाट उतरताना बसतात तसे दडे बसतील, काही मॉडेलमध्ये बारीक चुरचुर असा आवाजही येईल. ती आतल्या हवेच्या दाबाने पडदा वाकल्याची खूण. बाहेर काढून सावकाश पुन्हा घाला. आणि काढताना हिसका कधीच नाही.

बसला की नाही हे पाहायला मी विलंबित ठेक्याचं एक रेकॉर्डिंग वापरतो. डग्ग्याचा भरीव आवाज शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली राहतो, आणि फट राहिली की सगळ्यात आधी तोच भाग पळून जातो. तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, 'ना' मात्र खणखणीत ऐकू येत राहतो, म्हणून फसायला होतं. तबल्याशी तुमचा संबंध नसेल तर ढोल-ताशाचं कुठलंही रेकॉर्डिंग चालेल. ते चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटांच्या टोकाने हलकेच दाबा. ढोल वाढला तर टिपचं माप चुकलंय. काहीच फरक पडला नाही तर ठीक. पण इथे थांबू नका. चार वेळा चावल्यासारखं करा, 'आ' म्हणा, मान दोन्ही खांद्यांकडे वळवा, मग परत ऐका. माझा डावा कान पहिल्या परीक्षेत पास व्हायचा आणि जबडा हलला की नापास.

दुखत असेल तर कुठे दुखतंय ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. नळीच्या आत ठणकत असेल तर टिप मोठी किंवा कडक. बाहेरच्या वाटीत, जिथे इअरफोनचा डबा टेकतो तिथे टोचत असेल, तर टिपा बदलून काही होणार नाही, तो डबाच तुमच्या कानाला मोठा आहे. दुकानात परत करता आला तर परत करा. कानाच्या वरच्या कडेला जळजळ होत असेल तर ती तारेची. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात मी भिकबाळी घातली होती, ती तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी क्लास घ्यायला बसलो, आणि तारेने भिकबाळी अशी काही दाबली की तबल्यावरचा एक कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) पुरा होईना. बायकोला तोच त्रास बुगडीचा होतो. तार मागून न घेता सरळ खाली सोडता येणारे मॉडेल अशांना बरे, फक्त ती सदऱ्याला घासून खरखर करते. छातीशी छोटा चिमटा लावला की भागतं.

आणखी एक. दुकानात पाच मिनिटांत कुठलाही इअरफोन आरामशीरच वाटतो. निदान दीड तास घालून बसा. चुकीचं माप तेव्हा बोलायला लागतं.

रबराने जमतच नसेल तर फोम. बोटांत चोळून बारीक करायचा, कान ओढून आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो फुगून नळीचा आकार घेतो. माझ्या डाव्या कानाला हा प्रकार फार मानवला. पण फोममुळे वरचे सूर जरा मऊ होतात, आणि काही महिन्यांत तो फुगायचा थांबतो, मग फेकायचा. आमच्या दमट हवेत तर लवकरच.

एक गैरसोय मात्र कुठल्याही टिपने पुरती जात नाही. कान पक्का बंद झाला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. तोंडाने पढंत करताना मला तर गुहेत बसून बोल म्हणतोय असं वाटतं. अशा वेळी मी सरळ एक कान मोकळा करतो.

हे सगळं जमलं की मग आवाजाची आवड-निवड.

माझं आजोळ मिरजेचं. लहानपणी तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानात तासन् तास बसायचो. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालायचा आणि तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. तेवढ्याने बंद तंबोरा खुलायचा. इअरफोनचंही तसंच आहे. तो जिथे थांबतो तिथून कानाच्या पडद्यापर्यंत हवेचा एक छोटा खांब उरतो, आणि त्याच्या लांबीप्रमाणे, बहुतेकदा आठ हजार हर्ट्झच्या आसपास, एक टोकदार सूर उसळतो. गायकाचा 'स' शिट्टीसारखा टोचतो तो बऱ्याचदा यामुळे. इअरफोन किंचित आत गेला की तो सूर आणखी वर सरकतो, बाहेर आला की खाली. म्हणून 'स' टोचायला लागला की मी दोष द्यायच्या आधी मिलिमीटरभर आत-बाहेर करून बघतो. टिपचं भोक रुंद असेल तर आवाज सहसा उजळ होतो, अरुंद असेल तर वरचा भाग दबतो. मला विचाराल तर दीडशे-दोनशे रुपयांच्या दोन-तीन प्रकारच्या टिपा आणून बघणं, हे नवा इअरफोन घेण्याआधीचं काम आहे.

दुसरी भानगड तीन हजार हर्ट्झच्या आसपासची. उघड्या कानाची नळी स्वतःच तिथला आवाज वाढवते, बासरीच्या नळीसारखी. तिला बूच बसलं की ती वाढ जाते, म्हणून बनवणारे ती मुद्दाम इअरफोनमध्ये भरून देतात. आता ही वाढ कुणाच्या कानात किती, हे माणसागणिक बदलतं. त्यामुळे माझ्या भावाला जो 'ना' गोड लागतो तोच मला हातोडीसारखा लागतो, आणि आम्ही दोघंही खरं बोलत असतो. इंटरनेटवरचे आलेख बघा, पण कान त्यांच्याकडे गहाण टाकू नका.

दोन इअरफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. थोडासा मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो. मी यातच एकदा अडीच हजार घालवलेत. आणि ज्या माणसाला, ज्या वाद्याला तुम्ही समोर बसून ऐकलंय त्याचं रेकॉर्डिंग लावा. मी आमच्या क्लासमधलीच तबला-डग्ग्याची जोडी रेकॉर्ड करून ठेवली आहे. तबल्याचा 'तिं' कसा विरतो हे मला पाठ आहे, तिथे इअरफोन खोटं बोलला की लगेच कळतं.

तरीही काही खटकलं तर इक्वलायझर. अँड्रॉइडवर वेव्हलेट ॲप बरं आहे. आधी वाढवू नका, कमी करा. तीन हजारांपाशी दोन डेसिबल उतरवा, दोन दिवस तसंच ऐका, मग ठरवा. टोचणारा सूर शोधायला टोन जनरेटर ॲपवर आवाज अगदी बारीक ठेवून पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत सावकाश जा. जिथे अचानक किंचाळेल तिथे थोडं कापा. बेस हवा असेल तर शंभरच्या खालचा भाग तीन-चार डेसिबल वाढवा, आणि तेवढीच एकूण पातळी खाली घ्या, नाहीतर डग्गा फाटेल. महिनाभर वाजवल्यावर इअरफोन 'मोकळा' होतो म्हणतात. माझ्या मते मोकळा होतो तो आपला कान.

वायरलेस मी क्लासला वापरत नाही. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तरी चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार बोल घेताना, एक बोल पाव सेकंदाचा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, आणि तो उशीर त्यातला मोठा घास एकटाच खातो.

पक्क्या बसलेल्या टिपचा खरा फायदा लोकलमध्ये कळतो. बाहेरचा गोंगाट दबतो, म्हणून आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठीचं माप आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास असं आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे 83 ला वीसच तास. फलाटावर उतरताना मात्र दोन्ही कान मोकळे.

शेवटी मळ. माझा जुना इअरफोन डावीकडून बारीक वाजायला लागला तेव्हा दुकानदाराने कानाला न लावताच सांगितलं, "ड्रायव्हर गेला," म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, आणि बावीसशेचा नवा माझ्या हातात ठेवला. घरी भावाने टिप काढून इअरफोनच्या नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात धरली. गच्च भरलेली. नळी जमिनीकडे करून मऊ, कोरड्या टूथब्रशने हलके झटकली, म्हणजे निघालेला मळ आत पडत नाही. दोन मिनिटांत डावी बाजू परत आली. तो जुना अजून चालू आहे, क्लासला तोच वापरतो. नवा भावाने ठेवून घेतला, मजुरी म्हणून.