घोड्याच्या साजाचे प्राचीन धातूचे भाग कसे ओळखावेत

उत्खननात घोड्याचा साज सहसा अखंड हाती येत नाही. चामडे, दोर आणि लाकूड कुजून जातात आणि मागे राहतात ती कडी, टिकल्या व घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामाला जोडलेली कडियाळी; म्हणून हाती आलेला तुकडा नेमका कुठला, हे ठरवताना त्यातून चामड्याची वादी (पट्टा) कशी जात असेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

वस्तू उचलण्यापूर्वी तिची जागा, दिशा आणि शेजारच्या वस्तू यांची नोंद करावी. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील महापाषाणीय (मोठे दगड रचून केलेल्या) दफनांत लोखंडी कडियाळी आणि घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. तांब्याचा असा पत्रा एकटाच, संदर्भाविना हाती आला असता, तर तो घोड्याचा की माणसाचा हे सांगणे कठीण झाले असते. इराणमधील लुरिस्तानच्या, प्राण्यांच्या आकृतींनी घडवलेल्या कितीतरी कांस्य वस्तू लुटीतून बाजारात गेल्या आणि त्यांच्या जागेची माहिती कायमची हरवली, ही हानी भरून न येणारी आहे. सुदैवाने, कडियाळ्याच्या टोकाला गालालगत बसणारे तिथले भाग मधल्या छिद्रावरून आणि मागच्या कड्यांवरून आजही ओळखता येतात.

त्यानंतर भिंगाखाली, तिरप्या प्रकाशात झीज पाहावी. कडियाळ्याच्या दांड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे आणि बाहेरच्या कड्यांना जिथे लगामाचा ताण बसतो तिथे धातू पातळ झालेला असतो. रथाच्या जुवावरचे, लगाम ओवण्याचे कडे बांगडीसारखे भासले, तरी त्याचा तळ जुवाला बसण्यासाठी वेगळा घडवलेला असतो. इंग्लंडमधील वेटवांग येथे २००१ साली सापडलेल्या रथ-दफनात अशी पाच कडी होती.

गंज मात्र घासून काढू नये, कारण त्याच्या थरात चामड्याचे किंवा धाग्याचे अवशेष टिकून असू शकतात, आणि वादीविषयीचा तो एकमेव प्रत्यक्ष पुरावा असतो. वस्तू एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील, तर त्या सुट्या करण्याआधी क्ष-किरण चित्र किंवा सीटी स्कॅन करून घ्यावा. यॉर्कशायरमधील मेल्सनबी येथे २०२१ साली रथ, गाड्या आणि साज यांच्या ८०० हून अधिक वस्तूंचा साठा उजेडात आला, तेव्हा त्यातील एका गोळ्याचे अंतरंग याच पद्धतीने पाहण्यात आले.