जुन्या शेव्हर्लेचं इंजिन माउंटिंग: रिकॉलची केबल दिसली म्हणून निर्धास्त राहू नका

१९६५ ते १९६९ या काळातली व्ही-एट इंजिनची शेव्हर्ले तुमच्याकडे असेल, मग ती इम्पाला असो, नोव्हा असो की कॅमॅरो, तर रंग आणि क्रोमवर पैसे घालण्याआधी इंजिनची दोन्ही माउंटिंगं बघा. याच माउंटिंगपायी जनरल मोटर्सला डिसेंबर १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी गाड्या परत बोलावणं, जाहीर करावा लागला होता.

माउंटिंग म्हणजे इंजिन आणि फ्रेम यांच्यामधला आधार: दोन लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. पुढच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनची डावी बाजू, म्हणजे अमेरिकन गाडीतली ड्रायव्हरची बाजू, वर उचलली जाते आणि उजवी दाबली जाते. डावं रबर असं वर्षानुवर्षं ओढलं जातं. त्यात वरून झिरपणारं तेल आणि एक्झॉस्टची धग, त्यामुळे एक दिवस ते पत्र्यापासून सुटतं. मग इंजिनसोबत कार्ब्युरेटरही वर जातो, पण ॲक्सिलरेटरच्या कांडीचं दुसरं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, धरलेलं असतं. त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, आणखी उघडतो, जोर वाढतो आणि इंजिन आणखी उचललं जातं. त्याच झटक्यात ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप निसटू शकतो आणि गिअरची लिंकेज अडकू शकते. गाडी आपणहून पळते आणि ब्रेक दगडासारखा कडक होतो. चालत्या गाडीत असं झालं तर आधी न्यूट्रल करा. लिंकेज अडकली असेल तर इग्निशन बंद करा. १९६९ च्या मॉडेलमध्ये स्टिअरिंग लॉक आहे, म्हणून किल्ली पार लॉकपर्यंत फिरवू नका.

रिकॉलमध्ये कंपनीने माउंटिंग बदललंच असं नाही. डाव्या बाजूला इंजिन धरून ठेवणारी एक तारेची केबल बसवली. माउंटिंग तुटलं तरी इंजिन फार वर जाऊ नये, एवढंच तिचं काम. म्हणून केबल दिसली की “रिकॉल झालेलं आहे, चिंता नाही” असं जे विकणारे सांगतात, ते अर्धंच सांगतात. केबलखालचं रबर तुटलेलं असू शकतं. इंजिन साखळीने बांधण्याचा जुना उपायही त्याच जातीचा: आधार म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून नाही.

अमेरिकन सरकारच्या रिकॉल संकेतस्थळावर गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) टाकून काही हाती लागणार नाही. तिथे १७ अंकी क्रमांक लागतो, तुमच्या गाडीचा १३ अंकी आहे. वर्ष आणि मॉडेल टाकून शोधा. मोफत दुरुस्तीची कायदेशीर मुदत मात्र केव्हाच संपली आहे.

आता तपासणी. हात ब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, ड्राइव्हमध्ये रेस करून इंजिन उचलतं का बघा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात मानू नका. ज्या दोषाने थ्रॉटल उघडा अडकतो, तोच दोष तुम्ही चालू इंजिनवर, कुणाला तरी गाडीसमोर उभं करून मुद्दाम घडवता आहात. इंजिन बंद ठेवा, डाव्या माउंटिंगजवळ टॉमी (लोखंडी पहार) घालून इंजिन जरासं वर रेटा. रबर ताणलं तर ठीक. रबर आणि पत्र्यामध्ये फट दिसली तर माउंटिंग गेलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला एअर क्लीनरच्या नटाचा ठोका आणि फॅनच्या आच्छादनावर पात्यांचे ओरखडे, ह्या तुटलेल्या माउंटिंगच्या खुणा. रिव्हर्समध्ये उजवी बाजू उचलते, म्हणून तीही तपासा.

माउंटिंग घ्यायचं ते इंटरलॉकिंगच: त्याचे पत्रे एकमेकांत अडकलेले असतात, रबर पूर्ण गेलं तरी इंजिन सुटत नाही. जोडीच बदला. बुटकी-रुंद आणि उंच-अरुंद अशा दोन जाती आहेत आणि फ्रेमवरच्या ब्रॅकेटशी जात जुळावीच लागते, तेव्हा जुनं काढून मापून मगच मागवा. रस्त्यावरच्या गाडीला सॉलिड लोखंडी माउंटिंग लावू नका.

पाने इंची लागतात: ब्लॉकच्या बोल्टला ९/१६, माउंटिंग फ्रेमच्या ब्रॅकेटला जोडणाऱ्या आडव्या लांब बोल्टला साधारण ५/८. ९/१६ वर १४ मिमीचा पाना बसत नाही आणि १५ मिमीचा बोल्टचं डोकं गोल करतो.

खरी कसोटी इंजिन उचलताना. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावून थेट उचलणं ही सगळ्यात महागडी चूक. ऑइल पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. तळ आत दबला की जाळीपर्यंत तेल पोचत नाही, आणि नव्या माउंटिंगवर बसलेलं इंजिन बेअरिंगं खाऊन बसतं. क्रँकच्या पुढच्या बॅलन्सरखालीही जॅक नको; त्याची बाहेरची रिंग रबरावर बसलेली असते. वरून चेनपुलीने उचला. ती नसेलच तर चेंबरच्या पूर्ण रुंदीची जाड फळी मध्ये घाला आणि जॅक हळूहळू चढवा.

उचलण्याआधी बॅटरीची तार आणि डिस्ट्रिब्युटरचं (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाचं) कॅप काढा. शेव्हर्लेत डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागे, फायरवॉलला लागून असतो. इंजिन वर येताच कॅप तिथे आपटून फुटतं. फॅनचं आच्छादन आणि ॲक्सिलरेटरची कांडी सोडा. केबल असेल तर तीही सोडा. एका बाजूचा लांब बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचा फक्त सैल करा. दोन्ही एकदम काढलेत तर इंजिन बाजूला सरकतं आणि भोकं जुळवण्यात संध्याकाळ जाते. माउंटिंग बाहेर येईल इतकंच उचला आणि प्रत्येक वेळी फायरवॉल आणि पाइपांकडे बघा.

ब्लॉकचे तीन बोल्ट त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा. इंजिन उतरवताना भोकात बोट घालून जुळणी बघू नका. निमुळती पंच घालून भोकं जुळवा, गरज पडली तर इंजिन केसभर वर-खाली करा. लांब बोल्ट हाताने सरकला पाहिजे. हातोड्याने ठोकलात तर तो वाकतो आणि नवं रबर पहिल्या दिवसापासून तिरकं ताणलं जातं.

दुसरी बाजू तशीच. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग फुगलं असेल तर तेही बदला. व्हॉल्व्ह कव्हरची गळती आत्ताच थांबवा, नाहीतर नवं रबरही त्याच तेलात भिजेल. केबल परत लावताना थोडी ढिली ठेवा. गाडी सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडा, थ्रॉटल खाडकन मिटला पाहिजे. शंभरेक मैल झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रिंचने तपासा.