चंद्रशिला चढायची आहे? मग कोल्हापुरातच होणाऱ्या या चुका टाळा

एप्रिल लागला की कोल्हापुरात कुणाच्या ना कुणाच्या घरी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरतं. पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, ऊन अंगावर यायला लागलेलं असतं. चार घरं मिळून ठरवतात, यंदा उत्तराखंडातल्या पंचकेदारांपैकी तुंगनाथ करायचा आणि जमलं तर त्याच्या वरचं चंद्रशिला शिखर. आपल्या जोतिबालाही केदारनाथच म्हणतात, त्यामुळे तिकडची ओढ जुनीच. पण जोतिबाचा डोंगर तीन हजार फुटांच्या आसपास आणि चंद्रशिलेचा माथा बारा हजारांच्या.

मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला आमचं जे बिनसलं, ते कालनिर्णय पसरून बसलो होतो तिथेच, ताईच्या सोप्यात.

“एक दिवस वाचला!”

रजा मोजून मापून. निजामुद्दीनपर्यंत रेल्वेतच दीड दिवस जातो, पुढे ऋषिकेश. दाजींनी पेन्सिलीने वाटेतल्या उखीमठचा मुक्काम खोडला. “ऋषिकेशहून थेट चोपता, पहाटे शिखर. एक दिवस वाचला!” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

आता हिशोब बघा. कोल्हापूर साधारण १,८०० फुटांवर. ऋषिकेश त्याच्याही खाली. तिथून दिवसभर गाडीत बसून चोपत्याला, जिथून पायी चढाई सुरू होते तिथे, पोहोचलात की तुम्ही साडेआठ हजार फुटांच्या पुढे. म्हणजे एका दिवसात पाच-सहा पन्हाळे बसल्या जागी चढलात. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी. बारा हजार फुटांवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६५ टक्केच ऑक्सिजन मिळतो. शरीर हे निभावून नेतं, फक्त त्याला वेळ लागतो.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटर, म्हणजे आठ हजार फुटांच्या पुढे सुरू होऊ शकतो आणि बऱ्याचदा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. फसगत इथेच होते. रात्री चोपत्यात जेवताना सगळे ठणठणीत, थट्टामस्करी चालू. पहाटे तीनला उठले की एकाचं डोकं ठणकतंय, दुसऱ्याला मळमळतंय. मग “गाडी लागली असेल” म्हणून चढायला सुरुवात.

दुसऱ्या खेपेला आम्ही पहिली रात्र उखीमठला काढली. दुसऱ्या दिवशी सारी गावातून देवरिया तालपर्यंत चढलो आणि झोपायला पुन्हा खाली सारीत आलो. दिवसा उंच जायचं, रात्री खाली झोपायचं. तिसरी रात्र चोपत्याला, चौथ्या पहाटे शिखर. कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही. रजा कमी असेल तर केदारनाथ पुढच्या वर्षी करा, पण हे मुक्काम खोडू नका.

तालमीतला गडी आणि आत्याबाई

पहिल्या खेपेला आडवा झाला तो माझा भाचा. वय २४, रोज तालमीत जोर-बैठका, पन्हाळा पळत चढणारा. आणि त्याची आत्या, वय ६३, दर वळणावर खेचरवाल्याशी गप्पा मारत, बसत-उठत तुंगनाथाच्या दारात पोहोचली. ताकद असली म्हणून उंची बाधत नाही असं नसतं. उलट ताकदीचा गडी भराभर चढतो आणि लवकर सापडतो. बोलता बोलता दम लागला, की चाल कमी करायची.

याचा अर्थ तयारी नको असा नाही. फक्त रंकाळ्याच्या फेऱ्यांवर विसंबू नका, ती सपाटी आहे. दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन पन्हाळा किंवा जोतिबा चढा आणि मुख्य म्हणजे चालतच उतरा. चढून झालं की वडापच्या जीपने खाली येणारे बरेच असतात. चोपत्याच्या उतारावर मांड्या त्यांच्याच भरतात.

कापराची पुरचुंडी

आपल्याकडचा कुठलाही जथा बघा, गळ्यात कापराची पुरचुंडी असतेच. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन काही वाढत नाही. आणि ते “बरं वाटणं”च घात करतं. भाचा डोकं धरून बसला होता, दोनदा उलटी झाली होती, तरी कापूर हुंगून म्हणाला, “कायबी होत नाही मामा, चला की.” हातात मावणाऱ्या ऑक्सिजनच्या डब्याचंही तेच, काही मिनिटांचा खेळ.

उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळीने लघवीला वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा चक्क बेचव लागतो. कोल्हापूरकराला हा शेवटचा त्रास जास्त.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा गळाठा आला तर वर जाणं बंद. मग एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. झोकांडी गेली, माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली न्यायचं, उजाडायची वाट बघायची नाही. भाच्याची पावलं सरळ पडली, तरी आम्ही त्याला चोपत्यात न ठेवता उखीमठला आणलं. संध्याकाळी गडी भाकरी मागत होता.

कपडे, बूट आणि दुपारचं आभाळ

कोल्हापुरात घाम पुसत बॅग भरताना थंडी डोळ्यांपुढे येत नाही. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, माथ्यावर वारा वेगळाच. सुती बनियन घामाने भिजलं की अंगावरच गार पडतं. चटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट. नवेकोरे बूट थेट तिकडे नेऊ नका, आधी महिनाभर पन्हाळ्यावर घासा. पायाची नखं कापून जा, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून काळी पडतात. कोल्हापुरी चप्पल मुक्कामापुरती. बर्फ असेल तर काळा चष्मा हवाच.

उशिरा निघणं ही चूकही नेहमीची. चौखंबा, नंदादेवी सकाळी दिसतात, पुढे ढग भरतात. दुपारी गारा आणि विजा होतात आणि माथ्यावर आडोसा नाही. अकराच्या आत उतरायला लागा, फोटो राहिले तर राहू देत.

भूक मरते, त्यामुळे भडंग आणि कांदा-लसूण चटणी बरोबर घ्या. चटणीवर दोन घास जास्त जातात.

भाचा यंदा पुन्हा निघालाय. कापूर घरीच ठेवला म्हणाला. या वेळी दिल्लीपर्यंत विमान आहे, आणि गड्याने पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कोंबली होती. ती तिथे चालत नाही. काल मीच काढून त्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली.